समोरचा दात

नातीनं मला कपाटात बसवलं आणि म्हणाली, "आजी, आता चेटकिणीसारखं हस."

लेकरांना एवढं शिकवून काय मिळतं, ते मला त्या दिवशी कळलं. पुण्याला शलाकाच्या फ्लॅटवर मी आठ दिवसांसाठी गेले होते. तिनं कपाटातले सगळे कपडे पलंगावर ओतले, आत दोन गोधड्या टांगल्या, मध्ये स्टूल ठेवलं आणि वांग्याएवढा काळा माईक माझ्या तोंडापुढं धरला. इस्त्रीचे कपडे तसे ओतलेले बघूनच माझं डोकं फिरलं होतं. परटाची नात, आणि घडी मोडताना हात जरा अडखळत नाही.

"या गोधड्या कशाला?"

"बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. तू फक्त हस. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग ते हसू वर वर जायला पाहिजे. धुरासारखं."

"धूर कधी हसलेला बघितलास तू?"

"आजी, उद्या सकाळी आवाज पाठवायचाय. गेमचा शेवटच अडलाय त्याच्यावाचून."

"मग तुझ्या मैत्रिणींना हसव. कपाटात मावतील अशा पुष्कळ आहेत."

"त्यांचं हसू जाहिरातीतल्यासारखं येतं." ती जरा घुटमळली. "आणि ती तूच आहेस."

"कोण ती?"

तेव्हा तिनं मला कपाटातून काढून कॉम्प्युटरपुढं बसवलं.

पडद्यावर परमुलखातलं एक गाव होतं. धुकं, उतरत्या छपरांची घरं, मोठं काळं चर्च. झाडाला पान नाही आणि फांदीफांदीला कावळे. चौकात लाकडं रचलेली आणि मधल्या खांबाला एक म्हातारी बांधलेली. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. नाक माझं, हनुवटी माझी, हनुवटीवरचा तीळसुद्धा माझा. तिनं तोंड उघडलं तर वरचा समोरचा एक दात नाही. माझाही नाही.

"मला विचारलंस?"

"सरप्राइज द्यायचं होतं. ऑफिसात सगळ्यांना हा चेहरा जाम आवडलाय. चेटकीण म्हटलं की समोरचा एक दात नसतोच, आजी."

माझी नात कॉम्प्युटरवरचे गेम बनवते, आणि कामाला हुशार आहे, ते मी नाकारत नाही. तिनं मला सगळं समजावून सांगितलं. खेळणारा म्हणजे एक तपासनीस. तो गावात येतो, बायकांना उभं करतो, कुणाच्या अंगावर सैतानाची खूण आहे ते बघतो. खुणेवर सुई टोचायची. रक्त आलं नाही की वरच्या कोपऱ्यातला एक कावळा पेटतो. असे तीन कावळे पेटले की बाईला विचारायचं, तू चेटकीण आहेस का. ती हो म्हणेपर्यंत विचारायचं. हो म्हणाली की लाकडांना आग.

"आणि हे उगीच नाही हं," शलाका म्हणाली. "युरोपात हजारो बायका अशा मारल्या. मी तिथल्या कोर्टाचे जुने कागद वाचलेत. ही सुई बघ, अशीच असायची. हा दोर, तिच्या झग्याची बटणं, कोठडीची कडी, सगळं तसंच केलंय. फक्त काळ थोडा मागे नेलाय. हे जास्त करून मध्ययुग संपल्यावर घडलं, पण खेळणाऱ्यांना किल्ले आणि तलवारी लागतात."

"आणि हो म्हटल्यावर?"

"आग लागते. मग धुरातून कावळे निघतात, कावळ्यांमधून ती वर उडते आणि हसते. तिथं तुझा आवाज."

"म्हणजे ती खरंच चेटकीण निघते."

"गेम आहे ना, आजी. तोच तर शेवटचा झटका आहे."

ती सुई टोचायची जागा परत दाखव म्हटलं. तिनं दाखवली. म्हातारीच्या डाव्या दंडावर काळी फुली होती.

"पाठीवर नाही का एखादी?"

"पाठीवरची कुणाला दिसणार?"

मी तिला म्हटलं, ते बंद कर आणि माझ्यापुढं बस. हसायचं मागून बघू. माझा हा दात कसा गेला, तुला माहीत आहे?

"आडावर पाय घसरून पडलीस. बाबा सांगतात."

"तुझ्या बाबाला तसं मीच सांगितलं होतं."

*

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांची. शलाकाचा बाप तेव्हा रांगत होता. येळंबगावात परटाचं घर एकच, आमचं. गावाची धुणी आमच्याकडे असत, शिवाय लातूरच्या दोन लॉण्ड्र्यांची बोचकी माझे मालक सायकलवर आणायचे.

गावातल्या माणसाचं कापड मला नुसत्या वासावर ओळखू यायचं. लातूरच्या कपड्यांना मात्र खुणा लागत, आणि खूण बिब्ब्याची. बिब्ब्याला सुई टोचली की टोकावर काळा चीक येतो. त्यानं कापडाच्या आतल्या काठाला फुली नाहीतर टिंब काढायचं आणि वर लगेच ओला चुना लावायचा. चुना लावला की खूण पसरत नाही, नेसणाराच्या अंगाला बाधत नाही, आणि कापड फाटेल पण खूण जाणार नाही. बिब्बा धरण्याआधी बोटांना खोबरेल चोळायचं. आमच्यातली सात वर्षांची पोरसुद्धा हे चुकत नाही. माझी खूण लातूरच्या लॉण्ड्रीवाल्याला अशी आवडायची की तो म्हणायचा, केवळाबाईची फुली म्हणजे छापखान्यातून आलेली.

धुणं धुणाऱ्या बाईला गाव आतून-बाहेरून ठाऊक असतं. मी ते पोटात ठेवायला पाहिजे होतं. ठेवलं नाही. गावचा शिवराम देवरुषी लोकांना सांगायचा, नवसाची कोंबडी मी देवाच्या डोंगरावर नेऊन सोडतो. एकदा ओढ्यावर पंधरा बायकांच्या देखत मी त्याचं धोतर वर धरलं आणि म्हटलं, "देवाच्या डोंगरावर रस्सा झणझणीत मिळतोय की." बायका हसता हसता पाण्यात बसल्या. दुपार टळायच्या आत ते त्याच्या कानावर गेलं.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "केवळे, त्या माणसाच्या वाटंला जाऊ नगंस."

मी म्हटलं, "तुम्ही भाकर चहात भिजवा अन् गप खावा."

आत्याबाईंना वरचे समोरचे चार दात नव्हते. बोलताना पदर तोंडावर, हसताना तर दोन्ही हात. मी समजायची, वय झालं. त्या तेव्हा पंचेचाळीसच्या होत्या. बावीसच्या बाईला पंचेचाळीस म्हणजे म्हातारपणच वाटतं.

त्या चैत्रात पाटलांच्या घरी भानामती शिरली. आमच्याकडे भानामती म्हणजे एखाद्या बाईनं लांबून केलेली करणी. पाटलांची धाकटी सून इंदुमती, एकोणीस वर्षांची. तिच्या लुगड्यांवर काळ्या फुल्या उठू लागल्या, मग अंगावर. फुलीच्या जागी फोड यायचे. घर हादरलं. नवरा तिच्या खोलीत पाऊल टाकेना, सासू तिला काम सांगेना. शिवराम देवरुषीनं लिंबं कापली, डोळे फिरवले आणि सांगितलं, करणी करणारी बाई घरात येती-जाती, मागच्या दारानं.

मागच्या दारानं मी जायची.

अमावास्येला चार दिवस होते. पाटलीणबाईंचा निरोप आला, धाकटीचे कपडे वेगळे धुवायचेत, घेऊन जा. मी गेले. इंदुमती स्वतःच बोचकं घेऊन गोठ्याजवळ आली. मी एक लुगडं उलगडलं आणि मला सगळ्यात आधी राग आला. फुल्या कापडाच्या बाहेरच्या अंगाला. कडा पसरलेल्या. चुन्याचा पत्ता नाही. असलं गबाळं काम बघून माझी नजर आपोआप तिच्या हाताकडे गेली. उजवा अंगठा आणि पहिलं बोट टोकाला काळं पडलेलं, कातडी सोललेली.

"धाकल्या वैनी, बोटाला खोबरेल लावलं न्हाई काय?"

"कसलं खोबरेल?"

"बिब्बा धरताना लावतेत ते."

ती पळाली नाही की रडली नाही. तिथंच दावणीपाशी बसली. गाय तिचा पदर चाटत होती, तेही तिला कळत नव्हतं.

"सांगणार हायस का तू?" ती म्हणाली.

"आधी हे कशाला करायलाव ते सांगा."

तिनं पदर खाली घेतला, चोळी सैल केली आणि माझ्याकडे पाठ केली. फुल्या डाव्या दंडावर होत्या, पोटावर होत्या. पाठीवर एकही नव्हती. तिथं तिचा हात पोचत नव्हता. तिथं दुसऱ्याचा हात पोचला होता. कासऱ्याचे वळ, जुन्यांवर नवे.

"फुल्या उठल्यापासून बारा दिवस झाले," इंदुमती म्हणाली. "बारा दिवसांत मला कुणी शिवलं न्हाई."

मी तिला आतून सुक्या खोबऱ्याची वाटी आणायला लावली. बिब्ब्याच्या फोडाला खोबऱ्यासारखा उतारा नाही. वाटायला पाटा कुठला, मी ते चावलं आणि चोथा तिच्या दंडावर थापला. माझे दात तेव्हा अडकित्त्यासारखे होते. पाटलाच्या सुनेच्या अंगावर परटिणीची थुंकी. कुणी बघितलं असतं तर तेवढ्यावरच आमचं घर गावाबाहेर गेलं असतं.

"माहेरी ठावं हाय का हे?"

"कळवायचं कुणी? कागदसुद्धा सासूच्या हातातनं जातो."

"माहेर कुठलं?"

"औशाच्या अलीकडं. आण्णा हाय माझा, थोरला भाऊ."

"आमचे मालक उद्या लातूरला चाललेत. वाट वाकडी करतील. तवर त्या बिब्ब्याला हात लावू नगा. मरायचं असलं तर दुसऱ्या कशानं मरा, माझ्या धंद्याचं नाव खराब करू नगा."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. एकोणीस वर्षांची होती, तेवढीच दिसली.

*

अमावास्येच्या सकाळी मालक परत लातूरला गेले आणि ते वेशीबाहेर पडल्या पडल्या पाटलांचा गडी दारात आला. परटिणीला मारुतीच्या पारावर बोलावलंय. देवरुषीनं दिवस बरोबर निवडला होता.

मी पदर खोचला. आत्याबाईंनी दाराला आतून कडी घातली.

"काय म्हणतील ठावं हाय का तुला?"

"म्हणतील मी केलं. मी म्हणीन न्हाई केलं."

"दात पाडतेत, केवळे. समोरचे दात पाडले की मंत्र नीट फुटत न्हाई, करणी वाया जाती. तसा रिवाज हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी तोंडावरचा पदर काढला. सहा वर्षांत मी तो कधी निघालेला बघितला नव्हता. त्यांनी वरचा ओठ बोटानं उचलून धरला. हिरडीवर आडवा वण होता. वयानं गेलेल्या दाताला वण नसतो.

"भालकीकडं ऱ्हायलो तवाची गोष्ट. म्हशीच्या धारा आटल्या अन् नाव माझं आलं. दोन प्रहर उन्हात उभी केली. सगळे म्हणायले, हो म्हण, सोडतो. माझ्या सासूनंबी तेच सांगितलं, हो म्हण अन् घरला ये. म्हटलं मी हो." त्यांचा आवाज अगदी साधा होता, धुण्याचे कपडे मोजावेत तसा. "हो म्हणल्यावर म्हणाले, आता ठरलं. हो म्हणल्यावरच पाडले. अन् पुढं गाव सोडस्तोवर लेकरं मला बघून दारं लावून घ्यायची."

मी रोज ज्यांना भाकर भिजवून खा म्हणून टोमणे मारत होते, त्या बाईपुढं मला उभं राहवेना.

"काय बी बोल," आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या जिभेला मी आज आवर घालत न्हाई. तेवढं हो म्हणू नगंस."

पारावर सगळं गाव जमलं होतं. माणसं सावलीत, बायका देवळाच्या भिंतीला धरून. पाटलीणबाईंच्या मागं इंदुमती होती आणि तिच्या मागं तिचा नवरा. पाहुण्याच्या घोंगडीवर एक नवा माणूस बसला होता, पायांवर वाटेची धूळ. मालकांनी पोचवलेला निरोप कामी आला होता तर. आण्णा आला होता, पण पाटलांनी त्याला बहिणीजवळ जाऊ दिलं नव्हतं. म्हणाले होते, आधी उतारा होऊ द्या.

शिवराम देवरुषीपुढं लिंबं होती, आणि कुंकू लावलेला मुठीएवढा काळा गोटा.

"या फुल्या तू केल्यास?"

"न्हाई."

"बिब्बा तुझ्या घरात असतो का न्हाई?"

"असतो. तुमच्या घरातबी बाळंतिणीच्या डब्यात असतो. तुमच्या घरची बाळंतीण मी बघितली न्हाई, पण धुणं बघितलंय."

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं आणि तिथंच दबलं. शिवरामनं इंदुमतीचं लुगडं सगळ्यांपुढं झटकलं.

"ही फुली तुझी न्हाई?"

"शिवरामदादा, माझी फुली आतल्या काठाला असती. चुना लावलेली असती. लातूरच्या साहेबांच्या शर्टाला हाय, जाऊन बघा. मी करणी केली असती तर निदान बघण्यासारखी केली असती."

या वेळी माणसंही हसली, आणि मला कळलं की चुकलं. हसलेल्या गावापुढं त्या माणसाला मागं सरता येणार नव्हतं.

तो उठून माझ्यापुढं आला. हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुला कापडाचं एवढं कळतंय. मग तूच सांग, कुणी केलं? नाव सांग अन् घरला जा. न्हाईतर हो म्हण, नारळ फोडू अन् संपवू."

नाव माझ्या जिभेवर होतं. नुसतं म्हणायचं होतं, फुल्या डाव्याच दंडावर कशा? पाठीवर एक का न्हाई? तिची बोटं बघा. एवढ्या तीन वाक्यांत मी सुटत होते. मी इंदुमतीकडे बघितलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. तिच्या मागं तिचा नवरा उभा होता, हाताची घडी घालून, निवांत. त्या हातांतला कासरा मला दिसत होता.

"मी न्हाई," मी म्हटलं. "दुसऱ्याचं मला इचारू नगा."

"म्हणजे तूच."

"न्हाई."

दोन बायकांना त्यांनी माझे हात धरायला लावले. दोघींची लुगडी मी सहा वर्षं धूत होते. गोटा एकदाच बसला. आधी आवाज ऐकू आला, मग तोंडात ऊन ऊन काहीतरी भरलं. दात माझ्या पायाजवळ पडला. एवढासा असतो दात. तोंडात असतो तेव्हा केवढा वाटतो.

"आता बोल. तू केलंस?"

मी रक्त थुंकले. त्याच्या धोतरावर थुंकले. नेम धरून.

"न्हाई. अन् हा डाग मी धुणार न्हाई."

शब्द स्वच्छ निघाला. मंत्राचं ठाऊक नाही, पण हा शब्द एका दातावाचून अडत नाही. आत्याबाई गर्दीतून पुढं आल्या होत्या, पदर तोंडावरून काढलेला. सगळ्या गावानं त्यांचं तोंड त्या दिवशी बघितलं.

शिवरामनं गोटा परत उचलला. तेवढ्यात बायकांमधून इंदुमती पुढं आली. सासूनं पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला. पारावर चढली आणि कनवटीचा बिब्बा आणि गोधडी शिवायची सुई लिंबांशेजारी ठेवली. मग उजवा हात उघडून सगळ्यांना दाखवला.

"हिनं न्हाई. मी. खोबरेल लावायचं मला ठावं नव्हतं."

ती भावाकडे वळली.

"आण्णा, गाडी जुंप. पाठ मी आईला दाखवीन."

नवरा एक पाऊल पुढं आला. आण्णा उठून उभा राहिला, अंगानं दीडपट होता. नवरा तिथंच थांबला.

गावानं काय केलं म्हणाल तर काही नाही. पाटलीणबाई म्हणाल्या, भानामतीनंच पोरीच्या हातून करवून घेतलं. शिवराम म्हणाला, मी म्हणतच होतो. गाव असं पटकन हरत नसतं. माणसं धुळीत डोळे घालून आपापल्या कामाला गेली. मी खाली वाकून माझा दात उचलला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर गेले नाही. तिसऱ्याही नाही. अमावास्येच्या संध्याकाळीच मालकांनी काय झालं ते ऐकलं आणि कुऱ्हाड शोधायला लागले. मी म्हटलं, कुऱ्हाड ठेवा, धुण्याचा सोडा दडवा. महिनाभर आम्ही येळंबगावचं एक चिंधूक धुतलं नाही. लग्नसराईत अख्खं गाव मळक्या फेट्यांनी मिरवलं. पाटील स्वतः दारात आले तेव्हा मी त्यांना उंबऱ्यापाशी उभं करून म्हटलं, "परटिणीच्या हाताला करणी हाय, मालक. कापड जपा." पावसाळ्याच्या आत आम्ही लातूरला बिऱ्हाड हलवलं आणि लॉण्ड्री टाकली. त्या लॉण्ड्रीवर शलाकाचा बाप इंजिनियर झाला.

इंदुमती नर्स झाली. सासरी परत गेली नाही. दर संक्रांतीला तिच्याकडून सुक्या खोबऱ्याची एक वाटी यायची, एस्टीच्या माणसाबरोबर, मग पोस्टानं, मग कुरियरनं. चिठ्ठी नाही, नाव नाही. तिचं बिंग लातुरात कुणाच्या तोंडी जाऊ नये म्हणून आम्ही सासू-सुनांनी आडावर पाय घसरवला आणि शेवटपर्यंत तो घसरलेलाच ठेवला. गेल्या संक्रांतीला खोबरं आलं नाही. मी समजायचं ते समजले.

*

शलाका जमिनीवर बसून होती. पडद्यावर अंधार होता.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? सरळ दात उचललास आणि नेलास."

"मी कितीदा म्हटलं, चल नवीन बसवून घेऊ. तू नाहीच म्हणायचीस."

"ते काय, जुनी सवय."

तिनं डोळे पुसले आणि उठली. शहाणी पोर आहे, पण घाईची. "तुझा चेहरा काढून टाकते, आजी. आत्ताच. दुसरी कुणी घालते."

"चेहऱ्याला हात लावायचा नाही. तीळ ठेव, दात जसा आहे तसा ठेव. पन्नास वर्षांनी का होईना, कुणीतरी माझं चित्र काढलंय."

"मग काय करू?"

मी उठले. पलंगावरच्या कपड्यांतला तिचा एक कुडता उचलला, झटकला, घडी घातली आणि तिच्या हातात दिला. मग आपण होऊन कपाटात गेले, स्टुलावर बसले आणि तिला म्हटलं:

"शले, तुझी सुई खरी, दोर खरा, झग्याची बटणंसुद्धा खरी. एवढ्या सगळ्यात बाई तेवढी खोटी केलीस. ती उडाली की तुझा तपासनीस खरा ठरतो, आमचा शिवराम खरा ठरतो, आत्याबाईंचे चार दात पाडणारा खरा ठरतो. तिला उडवू नकोस. अशा बाया उडत नसतात, त्या कुणाचं तरी धुणं आटपून आलेल्या असतात. आणि तिच्या तोंडी हो घातलास, तेही काढ. हसू तुला माझ्याकडून मिळणार नाही. धर तो माईक. मी न्हाई म्हणते, आणि त्या न्हाईवर तुझा खेळ संपव."